पोस्टाच्या पेटीपर्यंत

घड्याळजींच्या दुकानातून दुरुस्त झालेलं घड्याळ त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या हातात पडलं, असं तीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. काम अर्ध्या तासाचं असो नाहीतर चार दिवसांचं, घड्याळ मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला आठ दिवस टांगलेलं राहायचं. रोज सकाळी घड्याळजी डोळ्याला भिंग लावून त्याच्याकडे बघायचे, ते किती पुढे गेलं, किती मागे पडलं हे एका चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी त्याच खिळ्याला अडकवायचे. मग गिऱ्हाईक कितीही घायकुतीला येवो.

"चालतंय ना आता? मग द्या की!"

"आज चालतंय," घड्याळजी शांतपणे म्हणायचे. "आठ दिवस चालू दे, मग आपण चालतंय म्हणू."

धंद्यात या सवयीनं त्यांचं नाव झालं. घरात मात्र तिनं नुसता वैताग आणला. घराला कुठला रंग द्यायचा हे ठरवायला म्हणून त्यांनी बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर चार रंगांचे चार पट्टे ओढले होते, त्याला अकरा वर्षं झाली. नवे पाहुणे ती नक्षी समजतात आणि कौतुक करतात. बायको हसू दाबत चहा टाकायला आत जाते.

रंगाचं एक वेळ सोडून देऊ. खरं भिजत घोंगडं होतं ते मोटारसायकलचं.

लग्न झालं त्या आठवड्यात दोघं गच्चीवर उभे होते. लांब, नदीच्या पलीकडे, निळसर डोंगरांची एक ओळ दिसत होती. तरुण घड्याळजी म्हणाले, "मी मोटारसायकल घेणार आहे. परदेशी. तुला मागे बसवून त्या डोंगरांपर्यंत नेतो."

"कधी?" नव्या नवरीनं विचारलं.

"जाऊ की," ते म्हणाले.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. पैशांची अडचण म्हणावी तर तीही नव्हती, पैसे केव्हाच बाजूला पडले होते. गाड्याही बघून झाल्या. एकीच्या इंजिनात त्यांना बारीकशी खरखर ऐकू आली, दुसरीचे कागद त्यांनी इतके दिवस वाचले की मालकानंच ते परत मागून घेतले, तिसरी ते उजेडात नीट बघत असतानाच दुसरा कोणी घेऊन गेला. बायकोनं पहिल्याच वर्षी दारामागच्या हुकाला एक कापडी पिशवी भरून ठेवली होती. तिच्यात केसांना बांधायचा रुमाल, कंगवा आणि छोटा थर्मास. रुमाल मध्ये दोनदा बदलावा लागला, कारण घडीवरच विरला. "कधी?" असं विचारणं तिनं सोडून दिलं होतं, पण पिशवी काही खाली काढली नव्हती. घड्याळजींना ती रोज दिसायची आणि रोज थोडी लाज वाटायची.

एके दिवशी दुकानात एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ गजराचं घड्याळ घेऊन आले. आठ दिवस लागतील हे ऐकून ते वैतागले नाहीत, उलट मान डोलावली. मग खिशातून एक कागद काढून म्हणाले, "तुमच्या काचेवर एवढं चिकटवू का?"

कागदावरचं अक्षर छापल्यासारखं होतं: 'परदेशी मोटारसायकल विकणे आहे. इकडे आल्यापासून एकाच हातात. रविवारी सकाळी बघावी.' ते गृहस्थ सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. उभी हयात त्यांनी रस्ते, नद्या आणि त्यांची नावं कागदावर उतरवण्यात घालवली होती. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी नदीपलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर राहायची आणि ती त्यांना कायमचं घेऊन जाणार होती. तिचं घर चौथ्या मजल्यावर. तिथं मोटारसायकल कुठं ठेवणार?

"किती दिवस आहेत तुमच्या हातात?" घड्याळजींनी विचारलं.

"दोन महिने."

घड्याळजींनी मनात मोजलं. आठ रविवार. त्यांना हा अगदी शुभशकुन वाटला. कागद काचेवर लावायचा म्हणून घेतला खरा, पण लावला नाही. काउंटरच्या खणात ठेवला.

पहिल्या रविवारी ते नकाशेवाल्यांच्या घरी गेले. घरामागे पत्र्याची शेड होती, शेडला उंचावर एकच खिडकी, आणि तिच्यातून येणारा उजेड नेमका गाडीवर पडलेला. गाडी गर्द हिरवी होती, टाकीच्या दोन्ही बाजूंना चकचकीत पट्ट्या, गोल दिवा, काळं कातडी सीट. वास होता तेलाचा, कातड्याचा आणि कसल्याशा जुन्या लाकडाचा. घड्याळजींनी तिला हात लावला नाही. हात मागे बांधून ते चारही बाजूंनी फिरले.

"गिअर उजव्या पायाला," नकाशेवाले म्हणाले. "ब्रेक डाव्या पायाला. सगळा उलटा कारभार. तिकडच्या जुन्या गाड्या अशाच."

"सुटे भाग?"

"मिळत नाहीत."

"छोटे असतील तर मी करीन लेथवर," घड्याळजी बोलून गेले आणि लगेच गप्प झाले. भलतीच घाई झाली असं त्यांना वाटलं.

नकाशेवाले हसले. "आधी बसा तर खरे. बसल्याशिवाय नाही कळत."

गाडी स्टँडवर होती. घड्याळजी बसले. हँडल हातात आलं, पाय खालच्या दांड्यांवर टेकले, आणि ते कुठे बघावं हे न कळून समोरच्या पत्र्याकडे बघू लागले. नकाशेवाल्यांनी शेजारी स्टूल ओढलं.

"आता गाव सुटलं असं समजा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "डावीकडे विटांची भट्टी. ती गेली की रस्ता उजवीकडे वळतो, पण एकदम नाही, हळूहळू, लांबवर. मग उतार. उतारावर गाडी आपली आपण धावते, तुम्ही फक्त हँडल धरा. खाली दोन तळी आहेत. एक गोल, एक लांबट. आमची ही म्हणायची, लांबट तळ्याजवळ थांबू, गोल तळ्यावर माणसं असतात."

घड्याळजींनी डोळे मिटले. पत्रा दिसेनासा झाला. कानाशी वारा आला, म्हणजे खिडकीतून आला असणार, पण त्यांना तो समोरून आला. तास कसा गेला कळलं नाही, आणि ज्याच्या दुकानात साठ घड्याळं टिकटिकतात त्याला तास कसा गेला हे न कळणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे.

"मग?" जेवताना बायकोनं विचारलं. "घेतली?"

"बघतोय."

"हं," ती म्हणाली आणि ताटाकडे बघत हसली.

मग रविवारमागून रविवार जाऊ लागले. आपले घड्याळजी गाडीला अदृश्य खिळ्याला टांगून बसले. एका रविवारी त्यांनी थंड इंजिनाला हात लावून बघितला. एका रविवारी नकाशेवाल्यांनी स्वतः किक मारून गाडी सुरू केली, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पोस्टाच्या पेटीपर्यंत नेली आणि वळवून परत आणली. "इंजिन बसू नये म्हणून," ते म्हणाले. "दर रविवारी एवढं करतोच." घड्याळजींनी चिठ्ठीवर लिहिलं: आवाज स्वच्छ. धूर नाही.

पण खरी मजा त्यानंतर असायची. घड्याळजी स्टँडवरच्या गाडीवर बसायचे, नकाशेवाले स्टुलावर, आणि दोघं निघायचे. कधी जुन्या खाणीच्या रस्त्यानं, कधी बागायतीच्या. पण प्रत्येक वाट शेवटी नदीवर यायची आणि नदीवर पूल होता, सोळा खांबांचा, सरळ, पांढरा.

"पुलाच्या अलीकडे चहाची टपरी," नकाशेवाले सांगायचे. "तिथं आम्ही थांबायचो. ही बूट काढून पाण्यात पाय सोडायची. म्हणायची, आता इथून उठवू नका मला. मग आम्ही चहा प्यायचो आणि पुलावरून वाहणारा वारा अंगावर घ्यायचो."

"पलीकडे?"

पलीकडचं नकाशेवाले कधी सांगायचे नाहीत. "पलीकडचं पुढच्या रविवारी," असं म्हणून ते उठायचे.

घड्याळजी घरी यायचे ते नुसते तरंगत. दुकानात एखाद्या घड्याळाचं पोट उघडून बसले की त्यातल्या बारीक चाकांच्या कडेकडेनं त्यांना रस्ते दिसायचे. एकदा तर त्यांनी एका गिऱ्हाइकाचं घड्याळ सातव्या दिवशीच देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा खिळा बघून ते दोनदा दारात जाऊन गिऱ्हाइकाची वाट बघून आले. पण घड्याळ काही परत आलं नाही. ते चालत होतं.

सहाव्या रविवारी संध्याकाळी मेहुणा घरी आला. बायकोचा धाकटा भाऊ नदीच्या रस्त्यावर बस चालवायचा आणि जगातल्या यच्चयावत खड्ड्यांची त्याला पाठ ओळख होती. घड्याळजी रंगात येऊन त्याला सांगू लागले: विटांची भट्टी, दोन तळी, पूल, पुलावरचा वारा.

"पूल?" मेहुण्याचा घास हातातच राहिला. "कसला पूल, भाऊजी?"

"नदीवरचा. सोळा खांबांचा."

"अहो, दोन खांब आहेत तिथं! तीस वर्षं झाली, नुसते दोन खांब उभे. वर गवत वाढलंय. पूल झालाच नाही. माणसं तराफ्यानं जातात पलीकडे." मग तो घड्याळजींचा चेहरा बघून जरा दबकत म्हणाला, "कोण सांगत होतं तुम्हाला?"

 घड्याळजींच्या मनात पाल चुकचुकली होती. जो माणूस नसलेल्या पुलावर चहा पितो, तो गाडीबद्दल काय काय सांगत असेल? सहा रविवार आपल्याला बसवून हा म्हातारा शेंडी तर लावत नव्हता? राग आला, आणि रागाच्या खाली फार वाईट वाटलं. ती दोन तळीही नसतील, या विचारानं तर त्यांना जेवण गेलं नाही.

"ताई, माझं काही चुकलं का?" मेहुण्यानं हळूच विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत होती.

सातव्या रविवारी घड्याळजी आपल्या हत्यारांची पेटी घेऊन गेले. "मीटरची काच आतून धुरकट झालीय," ते म्हणाले. "साफ करून देतो."

नकाशेवाल्यांना बरं वाटलं. ते चहा करायला घरात गेले. घड्याळजींनी मीटर काढलं, उघडलं आणि भिंग डोळ्याला लावलं. इथं त्यांना कोणी फसवू शकत नव्हतं. मैल मोजणारी आकड्यांची चाकं कोणी मागे फिरवली असती तर दातांवर ओरखडा दिसला असता. ओरखडा नव्हता. मीटर मध्ये बंद पडलं असतं तर तेलाचा थर सुकलेला असता. तसंही नव्हतं. मीटर प्रामाणिक होतं. त्यांनी गाडीचे कागद काढले. जहाजातून उतरवल्याच्या दिवशीचा आकडा कागदावर होता, आजचा समोर होता. दोन्हींत फरक होता एकशे नव्वद मैलांचा.

तीस वर्षांत एकशे नव्वद मैल.

घड्याळजी उठले, गल्लीतून चालत पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. पावलं मोजली. मग शेडच्या दारात उभे राहून त्यांनी तोंडी हिशोब केला. जायची एकशे तीस पावलं, यायची एकशे तीस, वर्षाचे बावन्न रविवार, तीस वर्षं. ना एक मैल इकडे, ना एक मैल तिकडे. ही गाडी पोस्टाच्या पेटीपलीकडे कधीच गेली नव्हती.

दुसरं कोणी गिऱ्हाईक असतं तर नाचलं असतं. एवढी जुनी परदेशी गाडी आणि इकडे आल्यापासून जवळजवळ न वापरलेली! घड्याळजींनी मात्र आत जाऊन मीटर पुन्हा जागेवर बसवलं. म्हातारे चहाचे दोन कप सांभाळत येत होते, कपांकडे बघत, जपून पावलं टाकत, आणि घड्याळजींना त्यांच्यात कोणीतरी दिसलं. ते त्यांनी मनातल्या मनातही म्हटलं नाही.

त्या दिवशी ते गाडीवर बसले नाहीत. घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे अगदी तुमच्यासारखेच की."

तिनं हे चिडून म्हटलं असतं तर त्यांनी सहन केलं असतं. ती साधेपणानं म्हणाली.

"येत्या रविवारी मी दादाच्या बसनं नदीवर जाणार आहे," ती पुढे म्हणाली. धाकट्या भावाला ती लाडानं दादा म्हणायची. "तुम्ही आलात तर बरं वाटेल मला. नाही आलात तर मी एकटी जाऊन येईन. पण जाणार. माझं वय वाढतंय हो, आणि त्या पिशवीतला हा तिसरा रुमाल आहे."

 आठवडाभर घड्याळजींनी भिंतीवरच्या चिठ्ठ्याही लिहिल्या नाहीत.

आठव्या रविवारी सकाळी बायको पिशवी घेऊन बसला गेली. घड्याळजी शेडवर गेले. पैसे खिशात होते.

"चालवून बघतो आज," ते म्हणाले.

"पेटीपर्यंत?"

"नदीपर्यंत. तुम्ही मागे बसा, रस्ता सांगा."

नकाशेवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खिडकीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.  मग त्यांनी आत जाऊन दोन हेल्मेट आणली, त्यातलं एक नवंकोरं होतं, आतला कागदही तसाच. कुणासाठी आणलं होतं हे विचारायची गरज नव्हती. घड्याळजींनी जुनं घेतलं.

गाडी सुरू झाली ती छान. पेटी मागे पडली तीही छान. पुढच्या कोपऱ्यावर समोरून हातगाडी आली, घड्याळजींनी सवयीनं उजवा पाय दाबला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी गिअर बदलून पुढे उसळली. हातगाडीवाल्यानं त्यांचा यथास्थित उद्धार केला. पुढच्या चौकात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाडी आचके देऊन मधोमध बंद पडली. सायकलवर आयुष्य गेलेल्या माणसाचे पाय ते, आणि त्यात मेहुण्याच्या मोटारसायकलवर गिरवलेले धडे. या उलट्या कारभारापुढे त्यांचं काही चालेना.

"काका, हे काही जमत नाही," ते घाम पुसत म्हणाले.

नकाशेवाले उतरून उभे होते. सगळ्या गावात एकच माणूस असा होता, ज्याच्या पायांना दुसरी कुठली गाडी ठाऊकच नव्हती.

"द्या इकडे," ते म्हणाले, आणि त्यांचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला असावा, कारण ते दचकले.

त्यांनी किक मारली. घड्याळजी मागे बसले. गाव सुटलं. डावीकडे विटांची भट्टी आली. होती! घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. रस्ता उजवीकडे वळला, एकदम नाही, हळूहळू, लांबवर, जसा शेडमध्ये वळायचा तसाच. "आता उतार," पुढून आवाज आला, आणि उतार आला. म्हातारे सांगत होते आणि रस्ता ऐकत होता. एक गोल तळं, कडेला माणसं. एक लांबट तळं, कोणी नाही.

"गाडी ओढतेय," नकाशेवाले ओरडले. "दुसऱ्या गिअरवर आहे. यापुढं कधी टाकलाच नाही, गल्ली संपायची!"

"मग टाका की!"

तिसरा पडला. वाऱ्याचा सूर बदलला. मग सरळ रस्ता लागला, दोन्ही बाजूंना उंच झाडं, आणि म्हाताऱ्यांनी चौथा टाकला. गाडीचा आवाज एकदम खाली आला, मऊ झाला, जणू तिला एवढंच हवं होतं. उजेड आणि सावली यांचे पट्टे अंगावरून वाहू लागले. घड्याळजींना वाटलं, आपण अजून शेडमध्येच आहोत, डोळे मिटलेले आहेत. म्हणून त्यांनी डोळे उघडून बघितले, तर ते उघडेच होते. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुठलीही चिठ्ठी न लिहिता, ते ओरडले, "घेतली! काका, मी गाडी घेतली!"

शब्द वाऱ्यानं मागे नेले. पुढच्या माणसाला ते ऐकूच गेले नाहीत.

नदीवर बस आधीच येऊन उभी होती. काठावर खरोखरच चहाची टपरी होती आणि तिच्या बाकावर बायको बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. पाण्यात दोन खांब होते. वर गवत, गवतात एक पक्षी. नकाशेवाल्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि त्या खांबांकडे बघत उभे राहिले.

"मला वाटलं, तुम्ही फसवताय," घड्याळजी म्हणाले.

"साहजिक आहे." म्हातारे खाली बघत बोलू लागले. "या भागाच्या नकाशाचं शीट मीच काढलं. पूल व्हायचा असतो तेव्हा तुटक रेषेनं काढतात. साहेब म्हणाले, दोन वर्षांत होतोय, सलग रेष मारा, पुन्हा छापायला नको. मी मारली. गाडी नुकतीच घेतली होती. हिला म्हटलं, पूल सुरू होईल त्या रविवारी पहिले आपण. तोवर ही म्हणायची, संध्याकाळी शीट पसरा. ती बोट ठेवायची, मी रस्ता सांगायचो. कुठं थांबायचं, कुठं चहा, सगळं तिनं ठरवलेलं. त्या एका रेषेवर आम्ही सव्वीस वर्षं संसार केला, घड्याळजी. मी खोटं बोललो असं मला कधी वाटलंच नाही."

सव्वीस हा आकडा ऐकून घड्याळजींनी बायकोकडे बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

पण तिनं विचारलं. ती कुणाचंही मन न दुखवता नेमकं विचारायची. "काका, हा तराफा तेव्हाही होता का हो?"

काठाला मोठा तराफा लागला होता. दोन बैलगाड्या, चार सायकली, माणसं त्यावर चढत होती. नकाशेवाले काठाकडे दोन पावलं गेले.

"होता," ते म्हणाले. "बारीकसं चिन्ह असतं त्याचं. मीच काढलं होतं." आणि मग त्यांचे डोळे भरून आले. "आम्ही पुलाची वाट बघत होतो ना."

 टपरीवाल्यानं तीन चहा आणून ठेवले. म्हाताऱ्यांनी उभ्याउभ्याच आपला संपवला, कप खाली ठेवला, आणि सरळ गाडीकडे गेले.

"मला विकायची नाही ही," ते म्हणाले. "माफ करा. तुम्ही आठ रविवार आलात."

घड्याळजींच्या खिशातले पैसे अचानक जड झाले. त्यांना खूप वाईट वाटलं, अगदी लहान मुलासारखं. हातात आलेलं गेलं होतं. पण "का?" असं काही त्यांना विचारता येईना, कारण उत्तर त्यांना माहीत होतं.

"मुलीला काय सांगणार?" त्यांनी एवढंच विचारलं.

"सांगीन, वाटेत आहे म्हणून." नकाशेवाल्यांनी खिशातून शेडची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. "खिडकी उघडी राहिलीय तेवढी लावून घ्या. घाई नाही."

त्यांनी गाडी ढकलत तराफ्यावर नेली. दोन माणसांनी हात लावला. नवंकोरं हेल्मेट अजून त्यांच्या डोक्यावर होतं.

"घेतली का मग?" बायकोनं हळूच विचारलं.

"घेतली होती," घड्याळजी म्हणाले. "दोन गावांमध्ये. दहा मिनिटं."

ती हसली नाही. तिनं त्यांच्या कोटाची बाही धरली.

तराफेवाल्यानं दोर सोडायला घेतला. इकडे मेहुण्यानं भोंगा वाजवला. "ताई! भाऊजी! बस सुटते! पुढची एकदम संध्याकाळी!" घड्याळजींच्या डोक्यात सवयीनं सगळं उभं राहिलं: उद्याची दुकानाची वेळ, साठ घड्याळांच्या चाव्या, घराला लावलेलं कुलूप, पलीकडून तराफा किती वाजता सुटतो, सुटतो की नाही. यावर आठ दिवस विचार करायला हवा होता. तराफा आणि काठ यांच्यात हातभर पाणी दिसू लागलं.

त्यांनी बाकावरची कापडी पिशवी उचलली, बायकोचा हात धरला आणि ती काही बोलायच्या आत पाय टाकला. एक पाय ओला झाला. तराफा डुलला, बैलांनी माना वळवून बघितलं. नकाशेवाले गाडीला धरून उभे होते, त्यांनी सरकून दोघांना जागा दिली.

काठ मागे जाऊ लागला. बस छोटी झाली. मेहुणा दारात उभा राहून तोंड उघडं टाकून बघत होता. समोर, गच्चीवरून निळसर दिसायचे ते डोंगर आता हिरवे होत होते.

"अहो," बायको म्हणाली. "परत कसं यायचं?"

"येऊ की," घड्याळजी म्हणाले.